याकूबभाईंची काळी खोली

याकूबभाईंच्या खोलीत पांढऱ्या कपड्यांना बंदी होती. हॉस्पिटलमध्ये अशी अट म्हणजे पंचाईतच, कारण तिथे निम्मी माणसं पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये आणि उरलेली पांढऱ्याशुभ्र थोबमध्ये, म्हणजे पायघोळ अरबी अंगरख्यात. मी पहिल्यांदा त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, "पांढरं आत नाय," एवढंच म्हणाले आणि दारामागच्या खुंटीवरचा काळा एप्रन माझ्या हातात दिला. तो माझ्या घोट्यापर्यंत आला. नाव-गाव विचारणं त्यानंतर. मी साताऱ्याची म्हटल्यावर चेहरा जरा सैलावला. म्हणाले, "म्हणजे आपलीच की. मग कॉलर पण आत घ्या ताई, भायेर दिसते."

सौदीतल्या खमीस मुशैतच्या त्या खासगी हॉस्पिटलात ते बायोमेडिकल इंजिनिअर होते आणि मी मधुमेहाच्या जखमांच्या क्लिनिकमध्ये नर्स. गाव त्यांचं दाभोळच्या खाडीकाठचं, आडनाव चौगुले. साठीच्या अलीकडचे, काटकुळे, शर्ट कायम काळा आणि मनगटापर्यंत बटणं लावलेला. घड्याळ नाही, अंगठी नाही, कारण चकाकतं. दाढी पांढरी व्हायला लागली तेव्हापासून खोलीत शिरताना तिच्यावर काळा मास्क चढवायचे. आमच्याकडच्या केरळी मुली त्यांना आपसात 'अमावस्या' म्हणत. हे त्यांना माहीत होतं. एकदा त्यांनीच मला विचारलं की या मुलींच्या भाषेत पौर्णिमेला काय म्हणतात, म्हणजे हॉस्पिटलच्या डायरेक्टरांना नाव ठेवता येईल.

त्या काळ्या खोलीत काय चाले ते सांगायला हवं. आमच्या क्लिनिकमध्ये एक कॅमेरा होता. रुग्णाच्या पायावर धरला की कातडीखाली कुठे प्राणवायू पोचतोय आणि कुठे नाही, ते तो रंगांवरून सांगायचा. आपल्या डोळ्याला जिथे एक लाल दिसतो तिथे त्याला असंख्य दिसत, आणि त्यांवरून डॉक्टर ठरवत की बोट वाचेल की काढायचं, आणि काढायचं तर कुठून. आता कॅमेरा खरं सांगतोय हे कशावरून? ते तपासायचं काम याकूबभाईंचं. खोलीच्या भिंती, छत, जमीन, सगळं काळं. एका बाजूला एक खास प्रोजेक्टर, समोर दुधासारखी पांढरी पाटी. प्रोजेक्टर त्या पाटीवर एका पायाचं चित्र पाडायचा. साधं चित्र नव्हे, जिवंत कातडीवरून जसा उजेड परत येतो तस्साच उजेड, ठिपक्याठिपक्याला मोजून दिलेला. टाचेला प्राणवायू किती, अंगठ्याला किती, हे आधीच ठरलेलं. कॅमेऱ्याने त्या नसलेल्या पायाकडे बघून तेच आकडे सांगितले तर तो पास. खोलीत कुणाचा पांढरा कपडा असला की त्याच्यावरचा उजेड पाटीवर सांडतो आणि सगळा हिशेब चुकतो, म्हणून ती बंदी.

एकदा खुद्द डायरेक्टरसाहेब पाहुण्यांना घेऊन ही खोली दाखवायला आले. कडक इस्त्रीचा थोब, डोक्याला घुत्रा, म्हणजे पांढरा रुमाल. तपासणी अर्ध्यावर होती. याकूबभाईंनी दारातच त्यांना काळा एप्रन दिला आणि डोक्यासाठी काळं फडकंही. साहेबांनी एकदा फडक्याकडे, एकदा याकूबभाईंकडे बघितलं. पण त्यांनी निमूट सगळं चढवलं आणि न्हाव्याकडे बसल्यासारखे गळ्यापर्यंत झाकून उभे राहिले. पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, भाई, नोकरी गेली असती. तर म्हणाले की नोकरी कुठे जाते, ती तर जाऊच देत नाही.

ते वाक्य त्यांनी हसत म्हटलं होतं, पण त्यात थट्टा कमी होती. इकडे प्रत्येक यंत्र कुणाच्या ना कुणाच्या 'ओहद्या'त असतं. म्हणजे तुम्ही सही करून ते ताब्यात घेतलेलं, त्याचं बरं-वाईट तुमच्या डोक्यावर. रजेवर जायचं तर तो ओहदा दुसऱ्या कुणी सही करून घ्यायला हवा, नाहीतर रजेचा कागद हलत नाही. रजेशिवाय गेलात तर गेलात, परत यायचं दार बंद. इतर इंजिनिअर्सची यंत्रं एकमेकांना चालवता येत. याकूबभाईंचा प्रोजेक्टर कुणालाच येत नव्हता, आणि येत नव्हता म्हणून कुणी सही करत नव्हतं. लोकांना कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, अडकवतो, यांना त्यांचं कसबच अडकवून बसलं होतं. दोन सुट्ट्या तर अशाच बुडाल्या.

त्यांची बायको हमीदा एकदा व्हिजिट व्हिसावर येऊन राहिली होती. ठसठशीत बाई, आवाज खणखणीत. घरात तिचा जीव रमेना, खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत. नवरा दिवसभर करतो काय ते बघायला एकदा ती काळ्या खोलीत आली. आल्या आल्या तिने भिंती चाचपल्या आणि विचारलं, "भायेरनं कुणी कडी लावली तर?"

याकूबभाई म्हणाले, "लावलेलीच हाय गो."

ती हसली नाही. परत जाताना मला एवढंच म्हणाली की यांना अधूनमधून उन्हात काढत जा.

त्यांचं एक ठरलेलं तत्त्व होतं, ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे तेच आधी विचारायचं. ते खरं आलं तर पुढचं विचारायचं. यंत्रापुरतं ठीक होतं, पण ते सगळ्या जगाला हेच लावत. भाजीच्या दुकानात आधी कांदे कुठले ते विचारत, पोत्यावर लिहिलेलं वाचून झाल्यावर. दुकानदाराने बरोबर सांगितलं तर टोमॅटो घेत. हमीदाला मधुमेह होता, आणि रोज दुपारच्या जेवणानंतर गावी फोन लावून तिची अशीच तपासणी चाले. पुतणी शबनमकडून त्यांना आधीच कळलेलं असे की सकाळी साखर किती निघाली. मग हमीदाला विचारायचं. तिने थोडं कमी करून सांगितलं की हे मनात तेवढं वाढवून घेत, आणि त्यानंतर ती पायाबद्दल जे काही सांगेल त्यातही तेवढंच वाढवत. मला म्हणत, "बाई खोटी नाय ताई. फक्त थोडी खाली दाखवते." मला हसूही येई आणि भरूनही येई. माणसावर इतकी माया करायची ही कुठली रीत, असं वाटे.

आणखी एक गोष्ट. त्या मोठ्या साथीत ते आजारी पडले आणि उठले ते नाकाचा वास गमावून. तो परत आलाच नाही. शेजारच्या अबहाला फिरायला गेलो तर सगळे त्या डोंगरातल्या गवताचा वास घेत उभे, हे आपले बाजूला कणीस खात. घरून सुके बोंबील आले की फ्लॅटवर निवांत भाजत बसायचे, आणि वरच्या मजल्यावरून लोक दार ठोठावायला येईपर्यंत त्यांना पत्ताच नसे. डब्यातली भाजी आंबली का हे ते मला हुंगायला लावत. मी हुंगून सांगितलेलं मात्र तपासून घेत नसत, त्याचं मला अप्रूप वाटायचं.

मग हमीदाच्या पायाला जखम झाली. चप्पल लागली, एवढंच निमित्त. आमच्या क्लिनिकमध्ये रोज दिसतं तेच, पण फोनमध्ये शबनमने काढलेला फोटो पाहिला आणि मी तो मोठा करून पुन्हा पाहिला. रत्नागिरीचे डॉक्टर म्हणाले, दोन बोटं आता काढली तर पाय राहील, उशीर केला तर गुडघ्याखालून जाईल. हमीदाने साफ नकार दिला. तुम्ही या, डोळ्यांनी बघा, मग काय ते कापा, असं तिने नवऱ्याला ठणकावलं. शबनम समजावून थकली, मोहल्ल्यातली शहाणी माणसं येऊन गेली. बाई फक्त एका माणसाचं ऐकणारी होती आणि तो माणूस इथे ओहद्यात अडकलेला.

त्या वेळी नशिबाने हनान मॅडम रुजू झाल्या होत्या. रियाधला शिकलेल्या सौदी इंजिनिअर, कामाला चोख. याकूबभाईंनी त्यांना सगळं शिकवलं आणि त्या शिकल्याही भराभर. ओहदा घ्यायला तयार झाल्या, पण अट त्यांचीही रास्त होती. शेवटची तपासणी माझ्यासमोर करा, कॅमेरा पास झाला की मी त्याच मिनिटाला सही करते. याकूबभाईंना ती अट आवडली. म्हणाले, त्यांच्या जागी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. दिवस ठरला, तिकीटही काढलं.

त्या सकाळी त्यांनी सगळं मांडून ठेवलं, पाटीवरचं झाकण काढलं, आणि तेवढ्यात हमीदाचा फोन आला. खोलीत रेंज नसे म्हणून ते बाहेर गच्चीकडे गेले. बोलणं लांबलं. दार उघडंच राहिलं.

तपासणी सुरू झाली आणि जांभळ्या-निळ्या बाजूचे आकडे बसेनात. प्रोजेक्टर दुसऱ्या यंत्राने तपासला, तो ठणठणीत. म्हणजे कॅमेरा चुकत होता. पायाच्या चित्रात बोटांच्या टोकांना जेवढा प्राणवायू दिला होता त्यापेक्षा तो जास्त सांगत होता. फरक थोडा, पण ठरलेल्या मर्यादेच्या बाहेर. पुन्हा केली, पुन्हा तेच. त्यांच्या विभागाचे मॅनेजर आले, म्हणाले एवढ्याशा फरकाने काय बिघडतं, पास लिहून टाक, बायकोकडे जा, कॅमेऱ्याचं हनान मागाहून बघेल. मला वाटतं, त्या दिवशी हनान मॅडमनीही सही केली असती. याकूबभाईंनी 'नापास' लिहिलं. क्लिनिकला कळवलं की हा कॅमेरा आजपासून वापरायचा नाही.

मी तडक त्यांच्याकडे गेले. मला त्यांचा संताप आला होता आणि मी तो लपवला नाही. म्हटलं, तिकडे तुमच्या माणसाचा पाय चाललाय आणि तुम्ही इथे दशांश मोजताय.

ते खाली बघत म्हणाले, "मेलेलं बोट ह्याला जिवंत दिसंल, ताई. तो आकडा बघून तुम्ही पट्टी बांधाल आणि कुणा बाईला घरी पाठवाल. मग तिचा पाय जाईल. माज्या सहीने."

मी माझा राग घेऊन परत गेले.

पुढचे दिवस वाईट होते. तिकीट रद्द झालं. याकूबभाईंनी कॅमेरा उघडला, एकेक भाग तपासला, पुन्हा जोडला. दोष सापडेना. सकाळी त्या काळ्या खोलीत शिरत ते संध्याकाळी बाहेर येत, आणि जेवायलाही मीच जाऊन दार वाजवायची. तिकडे हमीदाची दोन बोटं आता दोन राहिली नव्हती, काळेपणा वर सरकत होता. फोनवर ते गयावया करत की बाई, मी येईन तेव्हा येईन, तू हो म्हण. ती म्हणे, तुम्ही निघालात का ते आधी सांगा. ठाऊक असलेलं आधी विचारायचं, हे तीही शिकली होती.

एक दिवस दुपारी मी डबा घेऊन आत गेले. इतके दिवस दारातूनच परतत होते, त्या दिवशी एप्रन चढवून आत जाऊन बसले. ते कोपऱ्यात स्टुलावर होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, बाकी काही म्हणा भाई, खोलीला वास मात्र अजून छान येतोय.

त्यांनी मान वर केली. "कसला वास?"

मी म्हटलं, उदाचा, दुसरा कसला? त्या तपासणीच्या सकाळी डायरेक्टर येणार होते म्हणून अबू सालेहने सगळ्या कॉरिडॉरभर धूपदाणी फिरवली नव्हती का? तुमच्या खोलीत तर तो मुद्दाम गेला होता. मला म्हणाला, याकूब प्रवासाला निघालाय, त्याची खोली चांगली धुपवली.

अबू सालेह हा आमचा कहवा देणारा म्हातारा. याकूबभाईंवर त्याचा फार जीव. उदाचा धूर देणं ही इकडची मोठ्यात मोठी खातिरदारी, आणि निघालेल्या माणसाला तर ती दिलीच पाहिजे. त्याने मनापासून दिली होती, उघड्या पाटीसमोर धूपदाणी धरून, बराच वेळ. हॉस्पिटलात आम्हा सगळ्यांना तो वास येत होता. फक्त एकाच माणसाला येत नव्हता.

याकूबभाई उठले. सीलबंद डबीतून त्यांनी नव्या कोऱ्या पाटीचा छोटा तुकडा काढून मोठ्या पाटीशेजारी लावला. माझ्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच पांढऱ्या. कॅमेऱ्याला नाही. धुरातलं तेल पाटीत मुरलं होतं आणि जांभळा उजेड गिळत होतं. कॅमेरा पहिल्या दिवसापासून बरोबर होता. जे दिसत होतं ते तो सांगत होता.

त्यांनी नवा तुकडा परत डबीत ठेवला. मग म्हणाले, "मना वाटलं, पाटीचं तर मना ठाऊकच हाय."

पाटी पाण्याने धुऊन पाहिली, डाग सुटला नाही. नवी परदेशातून मागवायची, कस्टम्समधून सोडवायची, तोवर ओहदा त्यांच्याच गळ्यात. पाटी खराब होण्याचं कारण लिहून द्यायचं होतं. अबू सालेहचं नाव लिहिलं असतं तर त्या वयात त्याला घरी बसवलं असतं. याकूबभाईंनी लिहिलं की धुराने खराब झाली, दार मी उघडं टाकलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. अबू सालेह त्यानंतर रोज कहव्याचा कप भरताना विचारायचा, याकूब, अजून गेला नाहीस? आणि हे सांगायचे, काम आहे, शेख, खूप काम आहे. तो खजूर पुढे करायचा आणि हे घ्यायचे. म्हाताऱ्याला शेवटपर्यंत काही कळलं नाही. मला वाटतं, त्या साऱ्या प्रकरणात याकूबभाईंनी दुसऱ्याला दिलेली सूट तेवढी एकच.

पाटी कस्टम्समध्ये होती तेव्हाच शबनमचा फोन आला. ताप चढला म्हणून हमीदाला रात्रीच दवाखान्यात नेलं होतं, तिने स्वतःच कागदावर सही केली, आणि पाय गुडघ्याखालून काढला होता. याकूबभाई तेव्हा माझ्या क्लिनिकमध्ये होते. फोन स्पीकरवर टाकून ते रुग्णाच्या खुर्चीत बसले. शुद्धीवर आल्यावर हमीदाने त्यांच्यासाठी निरोप ठेवला होता. शबनमने तो तिच्याच शब्दांत सांगितला, "मी तुमची वाट बघितली असती. पाय थांबला नाय."

ते रडले. मी दार लावून घेतलं आणि बाहेरच्या रुग्णांना थोडं थांबायला सांगितलं. मीही रडले. त्यांचा जो राग मी घेऊन फिरत होते तो कुणावर काढायचा तेच कळेना. म्हाताऱ्याने तर दुवाच दिली होती.

नवी पाटी आली. कॅमेरा पास झाला. हनान मॅडमनी सही केली आणि ज्या कागदासाठी एवढं झालं तो कागद एका सकाळीच हातात आला. आता घाई नव्हती, तरी त्यांनी पहिलंच विमान धरलं.

निघायच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले. काळा शर्ट नव्हता, चौकड्यांचा होता, आणि मला एकदम कुणी वेगळंच माणूस आत आल्यासारखं वाटलं. म्हणाले, कापलेल्या पायाला पट्टी कशी बांधतात ते शिकवा. मी शिकवलं. खाली घट्ट, वर जाताना सैल, आडवी न घेता तिरकी. त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर बांधली, सोडली, पुन्हा बांधली. हात सराईत होते, दुसऱ्या खेपेलाच जमलं. पण त्यांचं समाधान होईना. म्हणाले, मी समोर बसेन तेव्हा उलट्या बाजूने बांधावी लागेल, तुम्ही जरा पाय पुढे करता का?

मी खुर्चीत बसून पाय लांब केला. ते जमिनीवर बसले, माझी पोटरी मांडीवर घेतली आणि सावकाश पट्टी गुंडाळू लागले. शेवटचं टोक चिकटवून त्यांनी दोन्ही तळव्यांनी ती हळूच दाबून पाहिली.

"घट्ट झाली?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही, अगदी बरोबर झालीय.

त्यांनी पाय सोडला नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "खरं सांगा, ताई," ते म्हणाले. "हिथं माज्याकडं मोजायला काय नाय."